"साडी उतारीसन मी कथा जाऊ?" : एका खान्देशी नटीचं प्रकरण

शिबिरात पोरं दरवेळी विचारतात की सर कास्टिंग कसं करायचं आणि मीही दरवेळी तेच ते सांगतो, आवाज बघा, अंगकाठी बघा, पात्राशी जुळतं का बघा वगैरे वगैरे. पण मला स्वतःला कास्टिंगबद्दल जे काय थोडंफार कळलं ते एकाच प्रकरणातून कळलं, २०२३ च्या पावसाळ्यात सुरू झालेल्या, आणि त्यात माझीच चूक बरीच असल्यामुळे ते सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. मी धुळ्यात एक हौशी नाटकाचा ग्रुप चालवतो. चालवतो म्हणजे काय, चहाचे पैसे देतो आणि हॉलची किल्ली सांभाळतो. जिची ही गोष्ट आहे तिचं नाव टाकत नाही, गावही नाही, तिनेच बजावलंय, "नाव टाकशी ते गावना लोके फोन करतीन." आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो, इथंही आक्काच.

तर आधी मामला काय होता ते. त्या ऑगस्टमध्ये 'ताली' ही वेब सिरीज आली, तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावरची, रवी जाधवांनी केलेली, सुष्मिता सेनवाली. आली आणि आमच्यासारख्या प्रत्येक ग्रुपला एकदम तृतीयपंथी विषयाची एकांकिका करावीशी वाटायला लागली, खोटं कशाला बोलू, आम्हालाही वाटलं. आमचा लेखक शाळामास्तर आहे, त्याने तीन आठवड्यांत संहिता आणली. वडील वारलेत, दहावा उरकलाय, तेराव्याच्या आधी भाऊ तिघी बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घ्यायला बघतोय, आणि त्यात अचानक घरातून हाकलून दिलेला चौथा, म्हणजे आता चौथी, दारात येऊन टाळी वाजवते. संहिता बरी होती. भाषा अहिराणी, प्रसंग आपल्या घराघरातला. २००५ च्या दुरुस्तीने पोरीला पोराइतकाच वाटा दिलाय तरी आपल्याकडं बहिणी सही करतात, का तर माहेर तुटू नये म्हणून, हे तर कुणाला सांगायलाच नको.

अडचण दोन ठिकाणी होती. एक, ती टाळीवाली भूमिका कोण करणार. दोन, मोठ्या बहिणीचं काम करणारी मुलगी ऐन वेळी गेली, लग्न ठरलं, सासरच्यांना रात्रीच्या तालमी चालेनात. ही दुसरी अडचण हौशी नाटकवाल्यांना नवीन नाही, दरवर्षीचीच रड आहे, पोरगी तयार होते तोवर तिची पत्रिका छापून येते.

पहिल्या अडचणीवर कुणीतरी म्हणालं अरे आक्काला विचारा ना, ती तर खरीच आहे. 'खरीच आहे' हा शब्द तेव्हा आम्हाला कुणालाच खटकला नाही.

आता आक्का कोण. वय तेव्हा साधारण छत्तीस-सदतीस, तापीकाठच्या एका खेड्यातली, घरची पाच एकर कोरडवाहू. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलींची कामं करायची आणि तेव्हा सगळं गाव खूश, पोरगं साडीत किती गोड दिसतं म्हणून गुरुजीच पावडर लावायचे. श्रावणात कानबाई बसली की रात्री बायकांच्या घोळक्यात बसून गाणी म्हणायची, रोट खायची, कुणी काही बोलायचं नाही. बोलणी सुरू झाली ती गॅदरिंग संपल्यावरही साडी अंगावर राहायला लागली तेव्हा. सतराव्या वर्षी घर सुटलं आणि ती एका लोकनाट्य मंडळात शिरली. गण, गवळण, बतावणी, वग, सगळं तिने तिथं पाहिलं, आणि काम मिळालं ते गवळणीतल्या मावशीचं. ज्यांनी तमाशा पाहिलाय त्यांना माहीत आहे मावशी म्हणजे काय, लुगडं नेसलेला बाप्या, कृष्णाशी हुज्जत घालणारा, हशा काढणारा. आक्का सांगते, तिला राधा नको होती, एवढा भाव नव्हताच तिला, पण मागे घागर घेऊन उभ्या असतात त्यातली चौथी गवळण चालली असती. मालक म्हणाले, तुला गवळण केलं तर लोक हसणार कधी? सहा सीझन मावशी. यात्रा चैत्रातली असो की सारंगखेड्याची दत्तजयंतीची, मावशीच.

नंतर तमाशाची सुपारी कमी झाली आणि अहिराणी व्हिडिओंचा जमाना आला. आपल्या शेजारी मालेगावच्या पोरांनी २००० साली घरगुती कॅमेऱ्यावर शोलेची नक्कल करून अख्खा पिच्चर काढला होता, त्यामुळे शूटिंग म्हणजे मुंबईच लागते असं या भागात कुणाला वाटतच नाही. आधी सीड्या, मग यूट्यूब. आक्काला कामं भरपूर, पण काम एकच. पोराचं लग्न जमत नाही, शेवटी जमतं, मांडवातून नवरी घरी येते, घुंघट वर होतो आणि ती आक्का असते, मग ढँग करून म्युझिक आणि नवरदेव पळतो. हा एकच जोक तिने वेगवेगळ्या लोकांसाठी अकरा वेळा केलाय, मोजून ठेवलंय तिने. बाकी रोजीरोटी हळदीत, वरातीत नाचून आणि गुरूच्या डेऱ्यावरून बधाईला, म्हणजे शुभकार्याच्या घरी आशीर्वाद देऊन पैसे घ्यायला जाऊन. गुरूचं म्हणणं, नाटकात मिळतात किती? प्रश्न रास्तच होता, हौशी नाटकात काही मिळत नाही, उलट पदरचे जातात.

तिसरी बाजू कार्यकर्तीची. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला, २०२० मध्ये ऑनलाइन पोर्टल सुरू झालं, जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळायला लागलं. आक्काने सायबर कॅफेवाल्या पोराला हाताशी धरून आधी स्वतःचं काढलं, मग शिरपूर, दोंडाईचा, नंदुरबार करत इतरांची काढून द्यायला लागली. रेशन कार्ड, बँक खातं, मतदार यादी, आधारवरचा रकाना. १५ एप्रिल २०१४ ही तृतीयपंथी ओळखीला मान्यता देणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाची तारीख ती स्वतःच्या वाढदिवसासारखी सांगते. कॉलेजात तिला भाषणाला बोलावतात, शाल-श्रीफळ देतात. शाली आता एवढ्या झाल्यात की तिने त्यांच्या गोधड्या शिवायला टाकल्या.

अशा बाईकडे आम्ही संहिता घेऊन गेलो. मी, लेखक आणि ग्रुपमधले एक ज्येष्ठ काका, राज्य नाट्य स्पर्धेत कधीकाळी गाजलेले. आक्काने वरणबट्टी खाऊ घातली, जेवता जेवता लेखकाने वाचन केलं, आणि टाळीवालीचा मोठा संवाद आला तेव्हा ती मध्येच ताट उचलून आत गेली. आम्हाला वाटलं भावुक झाली. बाहेर येऊन म्हणाली, "टाळी वाजाडानं काम नको माले. माले मोठी बहिननं काम दे."

आम्ही तिघं गप्प. काकांनी समजूत घालायला सुरुवात केली, अगं पण ही भूमिका तुझ्यासाठीच लिहिलीय, एवढं फुटेज, एवढे संवाद. ती म्हणाली हे तुम्ही मला बघून लिहिलेलं नाही, सिनेमा बघून लिहिलंय, दारात उभी राहिल्या राहिल्या टाळी कोण वाजवतं स्वतःच्या बापाच्या तेराव्याला? लेखकाचा चेहरा पडला. पण खरं होतं ते.

मग आठवडाभर ग्रुपमध्ये जी भांडणं झाली ती या प्रकरणाचा गाभा. एक गट म्हणे की द्या ना काम, जागा रिकामीच आहे. दुसरा म्हणे, प्रेक्षक पात्र बघणारच नाहीत, तिलाच बघत बसतील, अरे ही तीच ना म्हणून. मी या दुसऱ्या गटात होतो, आणि मी माझं कारण 'आवाज' या शब्दात गुंडाळून सांगत होतो, म्हणजे तिचा आवाज खर्जातला आहे, बहिणींच्या संवादात तो वेगळा पडेल. आता मागे वळून बघितलं की हसू येतं, आपल्या खेड्यापाड्यात तंबाखूची मशेरी लावणाऱ्या, शेतात हाका मारून मारून घसा बसलेल्या कितीतरी बायकांचा आवाज आक्कापेक्षा जाड आहे, त्यांना कुणी बाई नाही म्हणत नाही.

काकांचा मुद्दा सगळ्यात वजनदार होता. म्हणाले, अरे पुरुषाने बाईचं काम करण्यात नवीन काय, बालगंधर्वांनी केलं, त्यांची साडी बघून बायका साड्या नेसायच्या, जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे आणि आपण इथं भांडतोय? म्हणजे काका तिच्या बाजूने बोलत होते, आणि आक्का नेमकी त्याच मीटिंगला हजर होती. ती काकांच्या पाया पडली आणि म्हणाली काका, बालगंधर्व प्रयोग झाला की साडी उतरवून घरी जायचे. "साडी उतारीसन मी कथा जाऊ?" म्हणजे साडी उतरवून मी कुठं जाऊ?

पुढे कुणी काही बोललं नाही. मी रात्री घरी येऊन विचार करत बसलो की आपल्याकडं बाईचे कपडे घातलेला पुरुष किती चालतो. नंदुरबारकडं सोंगाड्या पार्टीत पुरुषच बाया होतात, रात्र रात्र लोक बघतात. तमाशातली मावशी झालीच. 'सडक'मध्ये १९९१ साली सदाशिव अमरापूरकरांनी महाराणी केली आणि फिल्मफेअर घेतलं. 'जोगवा'मध्ये उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'नटरंग' २०१० ला आला, त्यात अतुल कुलकर्णींनी पैलवानाचा नाच्या होतानाचं दाखवलं आणि आपण सगळे रडलो. मोठे नट आहेत, कामं मोठीच आहेत, त्यात वाद नाही. पण या सगळ्यांना शेवटी साडी उतरवता येते आणि आपली वाहवा त्या उतरवण्याची असते, बघा पुरुष असून केवढं केलं! जिला उतरवायची नाही तिला ही वाहवा लागूच होत नाही. कन्नडमध्ये तर लिव्हिंग स्माइल विद्या या ट्रान्स नटीच्या आत्मचरित्रावर सिनेमा निघाला, त्यासाठी संचारी विजय यांना सर्वोत्तम अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणजे आयुष्य तिचं आणि पुरस्काराचा रकाना पुरुष. ती स्वतः रंगभूमीवर काम करणारी बाई आहे हे कितीजणांना माहीत आहे? उलट उदाहरणंही आहेत म्हणा, तमिळमध्ये कल्की सुब्रमण्यम २०११ च्या 'नर्तगी'त मुख्य भूमिकेत होती, २०१९ च्या 'पेरन्बू'मध्ये मामूट्टीसमोर अंजली अमीर, आपल्या मराठीत 'कारभारी लयभारी' मालिकेत गंगा. पण यातल्या बहुतेक जागी नटी ट्रान्स म्हणून पात्रही ट्रान्स. नुसती बहीण, नुसती शेजारीण, नुसती तलाठीबाई कुठे आहे?

आणि एकदा शिक्का बसला की किती बसतो हे तर गणपत पाटलांनी दाखवलंच, घरी बायकापोरं असलेला कोल्हापूरचा माणूस, नाच्याची कामं एवढी चोख केली की लोकांनी त्याला आयुष्यभर तसंच समजून चिडवलं. पुरुषावर एवढा बसतो, तर आक्काचं काय.

असो. निर्णय झाला की मोठी बहीण आक्का करणार. टाळीवाली भूमिका लेखकाने काढूनच टाकली, ते तिच्यामुळे नाही, ती काढल्यावर एकांकिका जास्त चांगली झाली म्हणून. चाळीस मिनिटं, तीन बहिणी, एक भाऊ, एक स्टॅम्प पेपर.

तालमी सोप्या गेल्या असं समजू नका. आक्का तमाशातून आलेली, तिला वाक्य समोरच्या पात्राला नाही, पब्लिकला द्यायची सवय. प्रत्येक टोमण्यानंतर ती हशासाठी थांबायची, खांदा उडवायची. मी ओरडायचो, आक्का टाळी घेऊ नको! आणि ती कंबरेवर हात ठेवून म्हणायची एकदा म्हणता टाळी वाजव, एकदा म्हणता घेऊ नको, नक्की ठरवा. महिनाभर आम्ही तिला फक्त तांदूळ निवडायला बसवलं. खाली बघायचं, खडा काढायचा, वाक्य बोलायचं, वर बघायचंच नाही. सुपातला एकेक खडा काढता काढता तिचा आवाज आपोआप उतरला आणि मला जो आवाज खर्जातला वाटायचा तो घरातल्या थोरलीचा वाटायला लागला. ती रोज गावाहून एसटीने यायची. मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं होतं, एक दिवस कंडक्टरने काही न विचारता हाफ तिकीट दिलं तर ती तिकीट घेऊनच तालमीला आली, सगळ्यांना दाखवलं आणि पाकिटात घालून ठेवलं.

शिकवणं एकतर्फी नव्हतं हेही सांगितलं पाहिजे. आमच्या दोन्ही पोरी शहरातल्या, माहेरी आलेली बहीण कशी बसते हे त्यांना माहीत नाही, त्या सरळ खाटेवर बसायच्या. आक्का म्हणाली, वाटणीला आलेली बहीण खाटेवर बसत नाही, उंबऱ्यापाशी बसते, पिशवी हाताशी ठेवते, पाणी दिलं तर अर्धं पिते. हे तिला कसं माहीत हे मी विचारलं नाही.

कळलं ते नंतर, सहीचा प्रसंग बसेना तेव्हा. थोरली सही करते आणि पडदा, एवढंच लिहिलं होतं, पण आक्का दरवेळी तिथं मोठ्याने रडायची आणि सगळं फिल्मी व्हायचं. एका रात्री बाकीचे गेल्यावर तिने सांगितलं. तिचे वडील वारले तेव्हा भावांनी निरोप धाडला, वारस म्हणून तुझं जुनं नाव लागतं, ये, पण शर्टपँट घालून ये. ती गेली, केस टोपीखाली कोंबून. कचेरीत हक्कसोडीवर जुन्या नावाने सही केली. तिच्या हातातलं पेन उठेना, तर भावाने खिशातलं स्वतःचं दिलं. सही करून तिने पेनाचं टोपण लावलं आणि परत दिलं, भाऊ म्हणाला राहू दे, तुला ठेव. बस एवढंच. रडली का, तर नाही म्हणाली, भूक लागली होती, स्टँडवर शेवभाजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी काही सांगितलं नाही, तिनेच केलं. पेन उठत नाही, झटकते, भाऊ आपलं देतो, ती सही करते, टोपण लावते, पेन परत देते. रडणं नाही. आमच्या धाकट्या बहिणीचं काम करणारी पोरगी विंगेत जाऊन रडली, मला तिला शिव्या घालाव्या लागल्या कारण तिची एंट्री चुकली.

स्पर्धा हिवाळ्यात होती, कुठली ते जाऊ द्या. फॉर्मवर कलाकारासमोर दोनच रकाने, स्त्री आणि पुरुष. आक्काच्या आधारवर तृतीयपंथी. आयोजकांना फोन केला तर म्हणाले काहीही लिहा हो, फरक नाही पडत. मी काहीही लिहिणार नव्हतो, स्त्री लिहिलं, सोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली. मेकअप रूमचा प्रश्न मात्र पोरींनीच मिटवला, एकीच्या आईची जरा कुरबूर होती, पण आक्का तिच्या पोरीला लुगड्याचा काष्टा घालायला लागली आणि ती बाई हातात पिना धरून उभी राहिली.

प्रयोग झाला. हशा जिथं यायचा तिथंच आला. सहीच्या वेळी हॉलमध्ये पंख्यांचा आवाज येत होता. नंतर बाहेर एक म्हातारी आक्काचा हात धरून म्हणाली, "मनी बी सही अशीच लिधी, माय," म्हणजे माझीही सही अशीच घेतली. तिला आक्काबद्दल काही माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही, आक्कालाही नाही.

निकालात एकांकिका दुसरी. स्त्री अभिनयाचं पहिलं दुसऱ्या ग्रुपच्या मुलीला, ती खरंच चांगली होती, तक्रार नाही. आक्काला एक 'विशेष लक्षवेधी' प्रमाणपत्र दिलं, जे आधी जाहीर केलेल्या बक्षिसांच्या यादीत नव्हतंच. परीक्षक मनोगतात तिच्याबद्दल बराच वेळ बोलले, आदराने बोलले, डोळ्यांत पाणी आणून बोलले. धाडस हा शब्द चार वेळा आला. टोपणाबद्दल एक अक्षर नाही. परतीच्या गाडीत आक्का प्रमाणपत्राने वारा घेत होती, म्हणाली, "धाडस काय दखतस, काम दखा ना."

माझी चूक कुठं झाली ते आता सांगतो. मी तिला बहिणीचं काम दिलं पण प्रसिद्धीच्या बातमीत 'तृतीयपंथी कलावंताची प्रमुख भूमिका' असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं, म्हणजे जे टाळायला महिना तांदूळ निवडले तेच मी चार ओळीत परत आणलं. परीक्षक हॉलमध्ये शिरले ते ती बातमी वाचून. तिने मला याबद्दल कधी ऐकवलं नाही. पण तिच्या कार्यकर्ती असण्याशी हे सगळं असं चिकटलंय की सोडवणं सोपं नाही, कारण ती स्वतःच म्हणते की मी कोण हे लपवायचं असतं तर प्रमाणपत्रं कशाला काढली असती. भाषणात ती मोठ्याने सांगते मी ट्रान्स आहे, आणि स्टेजवर तिला ते कुणी सांगू नये असं वाटतं. आधी मला यात विसंगती वाटायची. आता वाटत नाही, दोन वेगळी कामं आहेत, शेतकरी नट रोज रोज शेतकऱ्याचंच काम करत नाही.

पुढच्या वर्षी, २०२४ ला, विधानसभेला रावेरमधून वंचितने तृतीयपंथी कार्यकर्त्या शमिभा पाटलांना तिकीट दिलं तेव्हा आक्का प्रचाराला दोनदा जाऊन आली. त्याच काळात तिला कामाचे फोनही यायला लागले, एकांकिका, शॉर्ट फिल्म, एक वेब सिरीज. आठ विचारणा झाल्या. सात ठिकाणी टाळी. तिने सातही सोडल्या, त्यात एक चांगले पैसे देणारी होती, गुरूने त्यावरून दोन दिवस अबोला धरला, आणि मला स्वतःला अजूनही वाटतं ती एक तिने करायला हवी होती, घराचं पत्र्याचं काम अडलंय तिचं.

आठवी अहिराणी व्हिडिओची होती, सासूची. सुनेला उठता बसता छळणारी, मुलाचे कान भरणारी, अगदी नेहमीची. कपडे साधे, जोक नाही, घुंघट नाही. ती इतकी खूश की संवाद पाठ करायला मला फोन लावून सुनेच्या जागी बसवायची, आणि शिव्या अशा द्यायची की माझी बायको हसून हसून बेजार. सासूला चष्मा पाहिजे म्हणून माझ्या आईचा जुना चष्मा घेऊन गेली, शूटिंग संपून तीन महिने झाले, अजून परत केलेला नाही.